कुलूप नावाची कंपनी

"मी आत येतेय हं!"

रिकाम्या घराचं दार उघडताना काकू हे मोठ्यानं म्हणत. आत कोणी नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असे. किल्ली त्यांच्याच हातात असे, घरमालक पुण्याला नाहीतर सिंगापूरला असे आणि नवा भाडेकरू यायला अजून पंधरा दिवस असत. तरी पायपुसण्यावर तीनदा पाय पुसायचे, दार वीतभर उघडायचं, वर्दी द्यायची, क्षणभर थांबायचं आणि मग आत पाऊल टाकायचं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी त्यांच्या खांद्यावरून आत डोकावलो.

"कोणाला सांगताय?"

"घराला. रिकामं घर दचकतं," त्या म्हणाल्या. मी हसलो, तसं त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. मी मुकाट्यानं पाय पुसले. तीनदा.

सुट्टीत गावाला जाताना सगळी आळी जिच्याकडे किल्ल्या ठेवून जाते अशी एखादी बाई तुमच्याही पाहण्यातली असेल. आमच्या बेस्टमध्ये त्या काकू होत्या. बेस्ट हे नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला खेटून असलेलं गाव. इथल्या मराठी घरांतला निम्मा माणूस चिपा बनवायच्या यंत्रांवर काम करतो आणि उरलेला निम्मा त्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. काकूंचे यजमान पहिल्या निम्म्यातले. दोघं मूळचे मिरजेचे. इथे येऊन त्यांना वीस वर्षं होऊन गेली होती.

जुलै उजाडला की सगळे भारतात जायचे आणि किल्ल्या काकूंकडे. झाडांना पाणी, दारात पडलेली पत्रं, बॉयलरचं प्रेशर, सगळं त्या सायकलवरून फिरून बघायच्या. पुढे लोकांच्या नोकऱ्या हलल्या. कोणी अमेरिकेला गेला, कोणी परत पुण्याला. घरं विकायची नव्हती म्हणून ती भाड्यानं दिली आणि ती बघायला पुन्हा काकूच. भाडेकरू शोधणं, नळवाला बोलावणं, हीटर बंद पडला तर जाऊन उभं राहणं. बघता बघता अकरा घरं झाली. त्यातलं एक तर कापेल आन डेन आयसेलला, म्हणजे पार रॉटरडॅमजवळ.

मी आइंडहोवनमध्ये एका लहानशा हिशेबनीसाच्या कचेरीत काम करतो. बायकोला इथे नोकरी लागली म्हणून तिच्या मागोमाग आलो, डच शिकलो आणि हेंक नावाच्या एका मालकानं मला ठेवून घेतलं. काकू एका सकाळी तिथे आल्या. हातात बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा.

"मला बिल द्यायचंय," त्या म्हणाल्या. "सिंगापूरचे जोशी म्हणतात, काकू, फुकट नको, बिल द्या. मी दिलं. तर त्यांचा अकाउंटंट म्हणतो, बिलावर नंबर पाहिजे. मी माझा फोन नंबर घातला. तर तो नंबर नाही म्हणे."

"कंपनीचा नंबर हवा असणार."

"कंपनी? मी तर नुसती बघते."

मी विचारलं, किती घरं बघता? त्यांनी डबा उघडला. बिस्किटांऐवजी आत किल्ल्या. प्रत्येक जुडग्याला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला आणि त्यावर रोमन अक्षरांत एकेक नाव: दोडका, भोपळा, वांगी, पडवळ. घरमालकांचं नाव नाही, पत्ता नाही.

"डबा चोरीला गेला तर चोराला कळायला नको कुठल्या घराची ते," त्या म्हणाल्या. "आणि घराच्या स्वभावाप्रमाणे भाजी दिलीय. भोपळ्यात जागा खूप, पण थंड. पडवळ म्हणजे तो लांबलचक फ्लॅट. आणि हे कारलं." त्यांनी एक जुडगा बोटाच्या टोकानं बाजूला सारला. "इथला भाडेकरूही तसाच आणि ड्रेनेजही तसंच."

अकरा घरं, मोबदला घेऊन, दुसऱ्यांसाठी, वर्षानुवर्षं. ही कंपनी होती, फक्त कंपनीला ते माहीत नव्हतं. मी सांगितलं, काकू, नोंदणी करावी लागेल. आधी चेंबरमध्ये, म्हणजे धंद्यांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत, मग ते टॅक्स ऑफिसला कळवतात. त्या घाबरतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पर्समधून वही काढली. "लिहून घेते. साडी चालेल की पँट घालू?"

चेंबरच्या काउंटरवरचा माणूस सज्जन होता. मी दुभाष्या म्हणून गेलो होतो, पण काकूंना डच येत होतं. त्यांचं स्वतःचं असं एक डच होतं, ज्यात क्रियापदं मिरजेहून यायची.

"कंपनीचं नाव?" त्यानं विचारलं.

"घरपण." काकूंनी ते आधीच ठरवलं होतं आणि खरंच छान होतं. पण डच लोक 'ग' म्हणताना घशातून 'ख' काढतात. त्या माणसानं कागदावरचं नाव मनापासून वाचलं, "खारपान."

काकू माझ्याकडे वळल्या. "खारं पान? विड्याचं दुकान आहे का? नको."

दुसरं नाव 'किल्ली'. ते रोमन अक्षरांत लिहिल्यावर त्या माणसाच्या भुवया वर गेल्या. सुरुवातच 'किल'नं होणाऱ्या कंपनीला लोक आपलं घर सांभाळायला देतील का, असं त्यानं फार हळुवारपणे विचारलं. काकूंनी थोडा विचार केला.

"मग कुलूप."

ते त्याला म्हणताही आलं आणि आवडलंही. कुलूप बेहेर. बेहेर म्हणजे व्यवस्थापन. पुढे काका सगळ्यांना सांगायचे, "हिच्या कंपनीला पहिल्या दिवसापासून कुलूप आहे."

मग त्यानं विचारलं, "नेमकं काम काय करता?"

"बघते," काकू म्हणाल्या.

"काय बघता?"

"घर."

"बघून मग?"

"मग परत पुढच्या आठवड्यात बघते."

तो माणूस पेन घेऊन थांबला. मी मध्ये पडून 'दुसऱ्यांच्या मालकीच्या घरांचं मोबदला घेऊन व्यवस्थापन' असं काहीतरी सांगितलं. त्यानं ते टाइप केलं. काकूंना ते पटलं नाही. "एवढं लांब कशाला? बघतेच ना मी?" त्या मराठीत पुटपुटल्या.

नफा कमावण्याचा हेतू आहे का, या प्रश्नावर त्या लाजल्या. "थोडासा," म्हणाल्या.

शेवटी छापील उतारा हातात आला. कंपनीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि खाली काकूंचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, कारण इथे तसंच लिहितात. नावापुढे एक शब्द होता: ऐखनार. म्हणजे मालक. काकूंनी तो बोट ठेवून वाचला.

"ऐकणार! वीस वर्षं मी ऐकतेच आहे. आता कागदावर आलं." आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या की काउंटरवरचा माणूसही कारण न कळता हसला. बाहेर आल्यावर मात्र त्यांनी तो कागद पुन्हा काढला, आणि बस येईपर्यंत आत ठेवला नाही.

यानंतर बिलं. माझ्या नोकरीत मी पुष्कळ बिलं पाहिली आहेत, पण काकूंच्यासारखी नाहीत. पहिल्या बिलाच्या माथ्यावर 'सस्नेह नमस्कार' होता आणि तळाशी 'काही अधिक-उणं झालं असल्यास क्षमा असावी'. बिल पाठवायच्या आधी त्या फोन करत. "बिल पाठवतेय हं, रागावू नका. हा आकडा कॉम्प्युटरनं काढलाय." दोघांना त्या बिल द्यायलाच तयार नव्हत्या, कारण त्या दोन्ही घरांतल्या बाळंतपणांत त्यांनी डिंकाचे लाडू केले होते. मी समजावलं की लाडू वेगळे आणि गटार साफ करून घेणं वेगळं. "टॅक्स ऑफिसला तुम्ही कंपनी वाटायला हव्यात, मैत्रीण नव्हे."

"दोन्ही असलं तर?"

मी म्हटलं, बिल द्या.

आणि तासांची वही. इथे एकट्यानं धंदा करणाऱ्याला करात सवलत मिळते, पण वर्षात बाराशे पंचवीस तास धंद्यासाठी दिले पाहिजेत आणि ते दाखवता आले पाहिजेत. मी सांगितलं, काकू, रोज लिहा. काकूंनी शाळकरी वही आणली, समास आखला आणि लिहायला लागल्या. इंग्रजीत, कारण 'उद्या सरकारला वाचायची वेळ आली तर'. मी वर्षाअखेरीला वही आणून घेतली, आकड्यांची बेरीज केली, बाराशे एक्केचाळीस आली, खूश झालो आणि सवलत मागून मोकळा झालो.

दुसऱ्या वर्षी निळा लिफाफा आला. टॅक्स ऑफिसची पत्रं इथे निळ्या लिफाफ्यातून येतात. नेदरलँड्समध्ये चार महिने राहिलेल्या माणसालाही तो रंग लांबून ओळखू येतो. काकूंनी तो न उघडता माझ्या टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला.

"उघड तू." एव्हाना मी त्यांना भाच्यासारखा झालो होतो.

पत्रात लिहिलं होतं की कुलूप बेहेरची कागदपत्रं तपासायची आहेत. ग्राहक कोण, तास किती आणि मुळात हा धंदा म्हणायचा की नाही, हे ठरवायचं आहे.

"नाही म्हणाले तर काय होतं?" काकूंनी विचारलं.

"तसं फार काही नाही. कर भरायचाच, सवलत जाते. आणि तुमची कमाई धंद्याच्या रकान्यातून काढून 'इतर' मध्ये टाकतात."

"इतर?"

"इतर कामांतून मिळालेलं उत्पन्न."

काकूंनी किल्ल्यांच्या डब्याचं झाकण घट्ट आहे का ते बघितलं. मग म्हणाल्या, "मी आले तेव्हा माझ्या रहिवासाच्या कार्डावर लिहिलं होतं, मुक्कामाचं कारण: नवऱ्याजवळ राहणे. खोटं नव्हतं. राहतच होते. पण डॉक्टरकडे गेलं तरी यांच्या नावानं हाक, बँकेत गेलं तरी यांची सही. मला कोणाचा राग नाही रे. फक्त आता परत 'इतर' नको."

माझ्या कार्डावरही तेच वाक्य होतं, फक्त नवऱ्याच्या जागी बायको. मी ते त्यांना सांगितलं नाही. पण त्या दिवशी घरी जाताना सायकल जरा जोरात मारली गेली.

टॅक्स ऑफिसची बाई आमच्याच कचेरीत आली. मंगळवारी, सकाळी दहाला, पाठीवर सॅक, पावसात भिजलेली. तिशीची असेल, उंच, नाकावर चष्मा. हेंकनं कॉफी दिली आणि इथल्या रीतीप्रमाणे एक बिस्कीट देऊन डबा मिटला. काकूंनी तेवढ्यात चकल्यांचा डबा उघडून तिच्यापुढे सरकवला.

"मला काही घेता येत नाही," ती बाई अवघडून म्हणाली. "नियम आहे."

"कॉफी घेतलीत की."

"कॉफी चालते."

"कॉफीबरोबर जे येतं ते?"

बाईनं बिस्किटाकडे पाहिलं, चकलीकडे पाहिलं आणि वही मागितली.

पहिला अर्धा तास सुरळीत गेला. बिलं पाहिली. 'सस्नेह नमस्कार' म्हणजे काय ते विचारलं, मी 'व्यावसायिक अभिवादन' म्हणून सांगितलं. मग ती तासांच्या वहीवर आली आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"ही कार्ला कोण?"

मी चमकलो. वही मी आकड्यांपुरतीच पाहिली होती, शब्द वाचलेच नव्हते. काकूंनी कारलं लिहिलं होतं के-ए-आर-एल-ए. आणि या देशात गल्लीगणिक एक कार्ला राहते.

"कार्ला फार त्रास देते," काकू मनापासून म्हणाल्या.

बाईनं वाचायला सुरुवात केली. मी तुमच्यासाठी मराठीत देतो. "सोमवार. कार्ला. आतून सडलंय, वास येतो. दोन तास. बुधवार. कार्ला. माणूस बोलावला. उघडलं, साफ केलं, बंद केलं. तीन तास. शुक्रवार. कार्ला. आता बरं वाटतं. पण एकटं सोडू नये. एक तास."

हेंक कॉफीचा कप हातात घेऊन दारातच थांबला.

"मॅडम," टॅक्सवाली बाई आवाज खाली आणून म्हणाली, "ही कार्ला तुमच्याकडे नोकरीला आहे का? तसं असेल तर तिचा पगारकर कुठे दिसत नाही."

"नोकरीला? छे हो. मीच तिच्याकडे जाते."

"म्हणजे त्या आजारी आहेत?"

"जुन्या झाल्यात. आतले पाइप गेलेत."

बाईनं चष्मा काढला. तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी कणव होती. "मला वाटतं, तुमची नोंदणीच चुकीची झाली आहे. तुम्ही घरांचं व्यवस्थापन नाही करत, तुम्ही रुग्णसेवा करता. त्याला विक्रीकराचे नियम वेगळे आहेत." तिनं पान उलटलं. "आणि हे भोप्ला? 'थंड पडला होता. दोन तास गरम केला.' हे कोण? जिवंत आहेत ना?"

मला हसूही आवरेना आणि बोलताही येईना. काकूंना मात्र एव्हाना उलगडा झाला. त्यांनी किल्ल्यांचा डबा काढला आणि टेबलावर उपडा केला. अकरा जुडगे खळाळले. त्यांनी त्यातलं कारलं उचललं, पुठ्ठ्यावरचं नाव दाखवलं, मग फोनवर कारल्याचा फोटो शोधून तोही दाखवला.

"भाजी," काकू म्हणाल्या. "कडू. घर आहे हे."

टॅक्सवाली बाई फोटोकडे बघत राहिली. मग तिनं डोकं टेबलाला टेकवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. हेंकनं कप खाली ठेवला, कारण तो सांडायला लागला होता. पुढची दहा मिनिटं आम्ही एकेक भाजी तिला दाखवली. 'दोडका, समोरून भादरला' म्हणजे पुढच्या अंगणातलं कुंपण छाटलं, हे कळल्यावर तिला पाणी द्यावं लागलं.

पण ती हुशार होती. हसणं ओसरलं तसं तिनं पुन्हा वही ओढली आणि आकड्यांवर बोट फिरवलं.

"प्रत्येक नोंदीनंतर हे वजा काय आहे?"

"चहा," काकू म्हणाल्या. "भोपळ्याशेजारी आजी राहतात. दोन तास गेले तर त्यातली चाळीस मिनिटं त्यांच्याकडे चहा होतो. ते काम नाही. म्हणून वजा. आणि कापेलला जाताना ट्रेनमध्ये डोळा लागतो. ती झोप वजा."

बाईनं माझा अर्ज पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. "इथे तर एकूण बाराशे एक्केचाळीस आहेत. वजाबाकी करून किती होतात?"

मला ते माहीत होतं. वर्षाअखेरीला मी ते वजा पाहिले होते आणि चहाला कोण विचारतो, असं म्हणून सोडून दिले होते. काकूंना न विचारता.

"बाराशे एकोणीस," मी म्हणालो.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

सहा तास कमी. मग टॅक्सवाली बाई म्हणाली, "चहा घेताना काय बोलणं होतं?"

"कशाबद्दल?"

"म्हणजे घराबद्दल बोललात तर ते काम धरता येईल. आठवतंय का?"

काकूंना सगळं आठवत होतं. पुढचा दीड तास आमच्या कचेरीत एका वर्षाच्या चहांची तपासणी झाली. मार्चमधला चहा: आजींनी भिंतीतून पाण्याचा आवाज येतो म्हणून सांगितलं, त्यावरून गळती सापडली. काम. एप्रिलमधला चहा: आजींच्या मुलीचा घटस्फोट. काम नाही. मेमधला: निम्मा घटस्फोट, निम्मा छताची कौलं. "निम्मा धरू," बाई म्हणाली. एका चहाला आजी गाढ झोपल्या होत्या आणि काकू नुसत्या बसून होत्या. त्यावर दोघींत बराच खल झाला आणि तो सोडून द्यायचं ठरलं. ट्रेनमधल्या झोपेबद्दल काकू ऐकायलाच तयार नव्हत्या. "झोप ती झोप."

शेवटी बाईनं बेरीज केली. बाराशे तेवीस तास आणि पंचेचाळीस मिनिटं.

सव्वा तास कमी.

"काकू," मी मराठीत म्हणालो, "आठवून बघा. अजून एखादा चहा. घराविषयीचा. एक."

काकूंनी डोळे मिटले. हेंकसुद्धा दारातून पुढे आला. त्याला मराठी येत नाही, पण काय चाललंय ते कळत होतं. टॅक्सवाली बाई पेन हातात घेऊन वाट बघत होती. आज सांगतो, त्या क्षणी काकू काहीही म्हणाल्या असत्या तरी तिनं ते लिहून घेतलं असतं.

"नाही," काकूंनी डोळे उघडले. "नाही आठवत. बसत नाही तर नाही बसत."

"मग सवलत देता येणार नाही," बाई म्हणाली. तिलाच वाईट वाटत होतं.

"नका देऊ. पण मला ते दुसरं सांगा." काकू खुर्चीच्या कडेवर आल्या. "मी इतर का?"

बाईला प्रश्न कळला नाही. मी नीट विचारला. सवलत राहू दे, यांना धंदेवाईक मानणार की नाही?

"ते वेगळंच आहे," ती म्हणाली. "तास फक्त सवलतीसाठी. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. स्वतःच्या जबाबदारीवर काम, इतके ग्राहक, बिलं, नोंदी. आणि चहा वजा करणारी वही मी तरी पहिल्यांदा पाहिली." ती सरळ काकूंशी बोलायला लागली. "मॅडम, तुम्ही ओंदरनेमर आहात. उद्योजक. त्यात मला शंकाच नाही."

"लिहून द्याल?"

"पत्र येईल."

जाताना तिनं उभं राहून काकूंशी हात मिळवला. चकल्यांकडे एकदा बघितलं. नियम तो नियम. पण हेंकला मात्र तसा काही नियम नव्हता. ती जाईपर्यंत अर्धा डबा संपला होता.

मी काकूंना सायकलपर्यंत सोडायला गेलो. माफी मागायची होती, जमत नव्हती.

"मला वाटलं तुमचा फायदा होईल," मी म्हणालो.

"झाला असता." त्यांनी कुलूप काढलं. "पण मला विचारायचंस." हा विषय त्यांनी परत कधी काढला नाही. मी मात्र तेव्हापासून कुठल्याही वहीतले शब्द आकड्यांच्या आधी वाचतो.

पत्र आलं, तेही निळ्या लिफाफ्यातूनच. काकूंनी ते सुरीनं कडेनं नीट कापलं आणि ओट्याशी उभं राहून वाचलं, असं काका सांगत होते. "मग माझ्याकडे वळून म्हणाली, आज जेवायला उशीर होईल, मला कामावर जायचंय. जेवण झालेलं होतं, वाढायचं तेवढं राहिलं होतं. मी माझं वाढून घेतलं."

पुढे तीन वर्षं कुलूप बेहेर जोरात चालली. घरं चौदा झाली. फरसबी, टोमॅटो आणि मुळा. मग काका निवृत्त झाले. मिरजेत त्यांचे थोरले भाऊ एकटे होते, त्यांना चालवेनासं झालं होतं. दोघांनी परत जायचं ठरवलं. मला वाटलं, काकू अडून बसतील. पण त्या म्हणाल्या, "त्यांचंही कोणी बघायला नको का?"

घरं ब्रेडा शहरातल्या एका मोठ्या कंपनीनं सांभाळायला घेतली. तिचा माणूस टॅबलेट घेऊन आला. काकूंनी त्याला चौदाही घरं फिरवली. प्रत्येक ठिकाणी त्या सांगत, ही खिडकी आधी वर उचलायची, मग ढकलायची. इथला भाडेकरू बोलतो तिखट, पण मनानं चांगला. या शेजारणीला बेल वाजवू नका, खिडकीवर टिचकी मारा. तो माणूस अदबीनं ऐकायचा आणि टॅबलेटवर खूण करायचा. तिसऱ्या घरी मी त्याच्या मागून पाहिलं. पर्याय दोनच होते: 'ठीक' आणि 'ठीक नाही'. शेजारणीचं त्यानं 'ठीक' केलं होतं.

नोंदणी रद्द करायला आता काउंटरवर जावं लागत नाही. काकू माझ्या कॉम्प्युटरपुढे बसल्या. कारण निवडलं, तारीख घातली. शेवटी पडद्यावर चौकट आली: तुमची खात्री आहे का?

काकूंनी चष्मा वर केला. "विचारतंय तरी," त्या म्हणाल्या.

मग बटण दाबलं.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. फोन येतो. मिरजेत त्या राहतात त्या अपार्टमेंटनं त्यांना सेक्रेटरी केलंय आणि पाण्याच्या टाकीवरून अध्यक्षांशी त्यांचं वाजलंय. दीर काठी घेऊन गच्चीपर्यंत जातात. काका काय करतात विचारलं, तर म्हणतात, "बरे आहेत. माझ्यावर अवलंबून आहेत."

गेल्या आठवड्यात सायकलवरून येताना आभाळ भरून आलं होतं. भोपळ्यावरून जात होतो. वरची खिडकी सताड उघडी आणि आतला पडदा बाहेर येऊन फडफडत होता. मी पुढे गेलो. कोपऱ्यावरून परत फिरलो आणि बेल वाजवली.

एक तरुण मुलगी आली. कानात हेडफोन, हातात लॅपटॉप. मी म्हटलं, वरची खिडकी उघडी राहिलीय, पाऊस येतोय, त्या खोलीतली लाकडी जमीन लगेच फुगते.

तिनं हेडफोन काढला. "तुम्ही कंपनीकडून आलात का?"

"नाही."

"मग तुम्ही कोण?"

"कोणी नाही," मी म्हणालो, "नुसतं बघितलं."

ती वर गेली. खिडकी एका झटक्यात लागत नव्हती, ती नुसतीच ढकलत होती. मी खाली उभा राहून ओरडलो, "आधी वर उचला!"

खिडकी लागली. मग पाऊस आला आणि मी निघालो.